लिंक स्टेटसचा पॅच तपासताना: दोनदा वाचलं की मधली घटना हरवते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एआरएम बोर्डवरच्या गेटवेसाठी कंपनीचा स्वतःचा लिनक्स इथरनेट ड्रायव्हर आहे. एका सहकाऱ्याने त्यात पॅच दिलाय, शीर्षक 'लिंक स्टेटस रिपोर्टिंग सुधारलं'. मूळ तक्रार अशी, की केबल लावली, पोर्टवरचा दिवा पेटला, तरी लिनक्स काही वेळ लिंक डाऊनच दाखवतो. पॅचमध्ये चार बदल आहेत. फायचं, म्हणजे केबलवरचे सिग्नल हाताळणाऱ्या चिपचं, स्टेटस रजिस्टर एकाऐवजी दोनदा वाचून दुसरं उत्तर धरायचं. पोलिंग (ठरावीक वेळाने फायला विचारणं) एका सेकंदावरून पाच सेकंदांवर न्यायचं, म्हणजे फायची रजिस्टरं ज्यावरून वाचतात त्या एमडीआयओ बसवरचा ताण कमी होईल. इंटरफेस उघडतानाच नेटिफ_कॅरिअर_ऑन करून टाकायचं, म्हणजे कर्नलला 'लिंक आली' असं सांगून मोकळं व्हायचं. आणि ईथटूल या कमांडने लिंक विचारली की थेट फायचं रजिस्टर वाचून उत्तर द्यायचं. टेस्टरने केबल काढून-लावून पाहिली, पास झालं. आता तुम्ही विचारताय, यात नक्की बघायचं काय?

आहे तसा घेऊ नका, हे आधीच सांगतो. चारपैकी एका बदलात तथ्य आहे, पण तोही अर्धवट लिहिलाय. बाकीचे तीन एकमेकांची चूक झाकतात, म्हणून टेस्टमध्ये काही दिसलं नाही.

केबल लागलेली आहे आणि लिंक अप आहे, किंवा केबल नाही आणि लिंक डाऊन आहे, या दोन स्थितींत कुठलाही कोड बरोबर उत्तर देतो. लिंक स्टेटसचा पॅच वाचायचा तो या दोहोंच्या मधल्या क्षणासाठी. लिंक पडून परत आली तर हा कोड काय करेल? आणि लिंक आहे की नाही हे ठरवणारा हात एकच आहे, की तीन-चार आहेत? मी हेच दोन प्रश्न डोक्यात ठेवून पॅच वाचतो.

आता दोनदा वाचण्याचं. आयईईई ८०२.३ या इथरनेट मानकाच्या जुन्या, म्हणजे कलम २२ च्या रजिस्टर मांडणीत रजिस्टर १ हे स्टेटस रजिस्टर आहे आणि त्यातला बिट २ लिंकचा. हा बिट साधा नाही, लॅच होणारा आहे. लिंक एकदा पडली की बिट शून्य होतो आणि कुणीतरी तो वाचेपर्यंत शून्यच राहतो, मधल्या काळात लिंक परत आली तरी. मिस्ड कॉलच्या नोंदीसारखं समजा: तुम्ही बघेपर्यंत ती स्क्रीनवर असते, एकदा बघितली की जाते. म्हणून पहिलं वाचन सांगतं की मागच्या वाचनापासून लिंक सलग टिकली का, आणि लगेच केलेलं दुसरं वाचन सांगतं की आत्ता लिंक आहे का. दोन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत.

पॅच लिहिणाऱ्याने पहिलं उत्तर 'शिळं' म्हणून फेकून दिलं. त्याच्या तक्रारीपुरतं ते बरोबरच आहे. केबल नुकतीच लागलीय, बिटमध्ये जुना शून्य अडकलाय, एकदाच वाचलं तर त्या वाचनात तो निघून जातो आणि पुढच्या पोललाच लिंक अप दिसते. पोलिंग एक सेकंदाचं असेल तर उशीर एका सेकंदाचा, पाचाचं केलं तर पाचाचा. पण लिंक आधी अप असताना तेच दोनदा वाचणं काय करतं, ते सेकंदा-सेकंदाने पाहू.

दहाव्या सेकंदाला पोल झाला: लिंक अप, वेग १००० एमबीपीएस. अकराव्या सेकंदाला पलीकडच्या स्विचवर कुणीतरी त्या पोर्टला फक्त १०० एमबीपीएस जाहीर करायला लावलं. लिंक पडली, ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवणं) पुन्हा झालं, चौदाव्या सेकंदाला लिंक १०० वर उभी राहिली. पंधराव्या सेकंदाला तुमचा पोल आला. पहिलं वाचन शून्य, कारण लॅच. ते फेकलं. दुसरं वाचन एक. म्हणजे कोडच्या मते लिंक अप होती आणि अपच आहे, काही घडलंच नाही.

इथून पुढे खरी गंमत आहे. कर्नलच्या जेनफाय_रीड_स्टेटस या फंक्शनमध्ये एक आडवाट आहे: ऑटो-निगोशिएशन चालू असेल, लिंक आधी अप असेल आणि आताही अप असेल, तर काही बदललेलं असूच शकत नाही असं धरून वेग आणि डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलता येतं का) न वाचताच ते परत फिरतं. तुम्ही पाठवलेल्या तुकड्यात तुमच्या ड्रायव्हरनेही तेच उचललंय. ही आडवाट योग्य आहे, पण ती लॅचच्या भरवशावर उभी आहे. लॅच फेकला की तिच्या पायाखालची जमीन गेली. आता मॅक (पॅकेटं पाठवणारा-घेणारा भाग) १००० वर बसलाय, फाय १०० वर. या दोघांना जोडणाऱ्या आरजीएमआयआयवर गिगाबिटला १२५ मेगाहर्ट्झचं घड्याळ लागतं, १०० ला २५ मेगाहर्ट्झचं. पॅकेट पलीकडे नीट पोचत नाही. 'आयपी लिंक' ही कमांड म्हणते अप, ईथटूल म्हणतं लिंक आहे, वेग १०००. बॉण्डिंग (दोन पोर्ट जोडून एकाला दुसऱ्याचा आधार देणं) असेल तर तेही दुसऱ्या पोर्टवर जात नाही, कारण त्याच्या लेखी हा पोर्ट ठणठणीत आहे. साइटवरचा माणूस केबल काढून परत लावतो आणि सगळं सुरळीत होतं. मग तिकीट 'पुन्हा घडवता आलं नाही' म्हणून बंद होतं. असली तिकिटं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हा नमुना ओळखीचा वाटेल.

मूळ तक्रारीवर कर्नलमध्येच उपाय आहे, जेनफाय_अपडेट_लिंकमध्ये. त्याचा सारांश इतकाच:

जर पोलिंग मोड नसेल, किंवा लिंक आधीच डाऊन असेल:
एकदा वाचा, अप दिसली तर तेच उत्तर धरा आणि थांबा.
नाहीतर (पुन्हा) वाचा आणि ते उत्तर धरा.

लिंक आधीच डाऊन होती तर अडकलेल्या शून्यातून नवीन काही कळणार नसतं, म्हणून तो टाकून पुन्हा वाचायला हरकत नाही. लिंक अप होती तर मात्र एकदाच वाचायचं आणि शून्य आला तर तो मानायचा, मग लिंक आत्ता असो वा नसो. एक पोल डाऊन जाईल, पुढच्याला अप येईल, मधल्या काळात वेग नव्याने वाचला जाईल आणि मॅक नव्याने बांधला जाईल. इंटरप्ट मोडमध्ये, म्हणजे फाय स्वतःहून बदल कळवतो तेव्हा, कर्नल दुसऱ्यांदा वाचतो, कारण तिथे लिंक पडल्याची वर्दी इंटरप्टने वेगळी आलेली असते. तुमच्या सहकाऱ्याला म्हणावं, ही एक अट घाल, तुझी तक्रार मिटेल आणि पडलेली लिंक हरवणारही नाही.

त्याच फंक्शनच्या शेवटी आणखी एक बारीक तपासणी आहे, ती तुमच्या पॅचमध्ये नाही. ऑटो-निगोशिएशन चालू आहे पण 'पूर्ण झालं' हा बिट ५ अजून शून्य आहे, तर लिंकचा बिट काहीही म्हणो, लिंक डाऊन धरायची. निगोशिएशन नुकतंच पुन्हा सुरू केलंय आणि लिंकचा बिट अजून खाली आलेला नाही, अशी एक फट असते. त्या फटीत वेग वाचलात तर कचरा हाती येतो. दहा गिगाबिटचे फाय कलम ४५ ची मांडणी वापरतात, तिथेही लिंकचा बिट असाच लॅच होतो, त्यामुळे पुढे तसा फाय आला तरी हा विचार बदलत नाही.

लॅचबद्दल आणखी एक गोष्ट रिव्ह्यूत नेहमी सुटते. वाचल्याने तो पुसला जातो, कोणी वाचलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून रजिस्टर १ वाचणारी प्रत्येक जागा शोधा: ड्रायव्हरमध्ये, डायग्नोस्टिक टूलमध्ये, एमआयआय आयऑक्टलमार्फत (ड्रायव्हरला थेट विचारायच्या सिस्टम कॉलने) वाचणाऱ्या कुठल्या जुन्या स्क्रिप्टमध्ये. जो आधी वाचेल तो घटना खाऊन टाकतो आणि पोलिंगच्या हाती काही लागत नाही. आता पॅचचा चौथा बदल बघा. ईथटूलने विचारलं की थेट फाय वाचायचा. तुमच्या गेटवेवर मॉनिटरिंगचा एजंट दर काही सेकंदांनी ईथटूल चालवत असेल, तर तोच लिंक पडल्याच्या खुणा पुसत फिरेल. म्हणजे देखरेख वाढवली की दोष जास्त लपतो. हा बदल सरळ काढायला सांगा आणि त्या जागी ईथटूल_ऑप_गेट_लिंक लावा. ते फायकडे जातच नाही, कर्नलने नोंदलेली कॅरिअर स्थिती सांगतं. काहींना ते 'शिळं' वाटतं. पण 'आयपी लिंक', सिसएफएस (कर्नलची माहिती फाइलींत दाखवणारी जागा), बॉण्डिंग आणि ईथटूल चौघांनी एकच उत्तर देणं हे चौथ्याने अर्धा सेकंद आधी वेगळं उत्तर देण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. रात्री दोन वाजता लॉग जुळवत बसणाऱ्या माणसाला विचारा.

इंटरफेस उघडताना कॅरिअर ऑन करणं हा चारांतला सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट बदल. हेतू कळतो, लिंक लवकर अप दिसावी. पण नेटिफ_कॅरिअर_ऑन आतून एक फ्लॅग तपासतं: कॅरिअर आधी नव्हता आणि आता आला, तरच घटना पुढे जाते. आधीच ऑन असलेल्याला पुन्हा ऑन केलं तर काहीच होत नाही. म्हणजे तुम्ही केबल नसताना खोटं 'अप' जाहीर केलंत, आणि पहिल्या पोलच्या आत खरी केबल लागली, तर त्या खऱ्या क्षणी कुणालाच काही कळणार नाही. आयपी पत्ता मागणाऱ्या डीएचसीपी क्लायंटने आपल्या विनंत्या बंद पडलेल्या तारेवर पाठवून झालेल्या असतील आणि आता तो पुढच्या प्रयत्नाची वेळ येईपर्यंत थांबला असेल. आयपीव्ही६ मध्ये कॅरिअर आला की पत्ता आधीच कुणी घेतलाय का याची तपासणी होते, तीही हवेत गेली. तिला उत्तर आलं नाही म्हणजे पत्ता मोकळा, असा निष्कर्ष निघतो. आणि पोलिंग पाच सेकंदांचं केल्यामुळे ही खोट्या 'अप'ची खिडकी पाच सेकंदांची झालीय. एक बदल दुसऱ्याची चूक झाकतो म्हणालो ते हेच. टेस्टरला लिंक 'लगेच' अप दिसली, ती फायने दिली नव्हती, या ओळीने दिली होती.

योग्य पद्धत उलटी आहे. इंटरफेस नोंदवण्याआधी कॅरिअर ऑफ करून ठेवायचा, उघडल्यावर फाय सुरू करायचा आणि लिंक खरोखर आली की मगच ऑन करायचा. खोटं 'डाऊन' फार तर सेवा उशिरा सुरू करतं. खोटं 'अप' इतरांना चुकीचे निर्णय घ्यायला लावतं, आणि ते निर्णय कुणी मागे घेत नाही.

वाचन अपयशी झालं तर काय, हे पॅचमध्ये कुठेच दिसत नाही. फाय_रीड ऋण आकडा देऊ शकतं. पॅचमध्ये तो न तपासता थेट बिटशी जोडलाय, आणि ऋण आकड्यातही बिट २ एक असू शकतो. याहून फसवं म्हणजे एमडीआयओ बसवर कुणीच उत्तर दिलं नाही, फाय रीसेटमध्ये आहे किंवा त्याची वीज गेलीय, तर रेषा वरच ओढलेली राहते आणि सोळाही बिट १ वाचले जातात. लिंकचा बिट एक, निगोशिएशन पूर्ण असल्याचा बिटही एक. मेलेला फाय सांगतो की लिंक उत्तम आहे! अशा वाचनाला डाऊन मानायचं, एवढी एक ओळ मागा.

क्रमाचाही एक मुद्दा आहे. लिंक येताना आधी मॅकला वेग आणि डुप्लेक्स द्यायचा, मग कॅरिअर ऑन करायचा. लिंक जाताना आधी कॅरिअर ऑफ, मग मॅक थांबवायचा. कर्नलमधलं फायलिंक अगदी याच क्रमाने जातं. तुमच्या पॅचमध्ये कॅरिअर आधी आणि मॅक नंतर आहे, म्हणजे पहिली काही पॅकेटं जुन्या वेगाने बाहेर पडतील. लॉकिंगमध्ये फक्त दोन गोष्टी बघा. एमडीआयओचं वाचन झोपू शकतं, त्यामुळे ते स्पिनलॉक (जो धरून झोपायला मनाई असते) धरून करता येत नाही. आणि इंटरफेस बंद करताना पोलिंगचं काम रद्द होऊन संपेपर्यंत थांबत असाल, तर त्या कामाने स्वतः आरटीएनएल लॉक (नेटवर्कची सेटिंग बदलताना कर्नल धरतो तो) मागता कामा नये, नाहीतर दोघं एकमेकांची वाट बघत बसतील.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण रिव्ह्यूत तो मांडायलाच हवा. हा ड्रायव्हर स्वतः पोलिंग करतोच का? कर्नलची फायलिब ही लायब्ररी हे सगळं करते: सेकंदाला एक पोल, लॅचचं भान, कॅरिअर ऑन-ऑफ, 'लिंक इज अप' असा ठरावीक लॉगही. ड्रायव्हरने फक्त वेग बदलला की मॅक बांधायचं फंक्शन द्यायचं. एसएफपी पिंजरा (काढता-लावता येणाऱ्या मॉड्यूलची खाच) असेल किंवा मॅक आणि फायच्या मधे एसजीएमआयआयसारखा दुवा असेल तर २०१७ पासून कर्नलमध्ये फायलिंक आहे. या दोघांपैकी एक वापरत असाल तर ड्रायव्हरमध्ये नेटिफ_कॅरिअर_ऑन किंवा ऑफ हाताने बोलावणं हीच चूक धरायची. तुमच्या ड्रायव्हरमधल्या तीनेकशे ओळी पुसणारा पॅच मला या पॅचपेक्षा जास्त आवडला असता. तो आजच्या रिलीजमध्ये बसणार नाही हे मान्य, पण तिकीट आजच उघडा.

पोलिंग पाच सेकंदांवर नेण्याला काही आधार आहे का, तेही विचारा. एका वाचनात एमडीआयओवर ६४ बिट जातात, ३२ बिटांचा प्रीअँबल धरून. मानकातल्या अडीच मेगाहर्ट्झच्या घड्याळाने त्याला सुमारे २६ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला दोन-चार वाचनं म्हणजे ताण नव्हे. ताण खरंच दिसत असेल तर बसवर दुसरं कुणीतरी बडबड करतंय आणि त्याला शोधायला हवं. उलट १०००बेस-टी मध्ये लिंक तुटल्याचं जाहीर करायला फाय स्वतःच पाऊण सेकंद घेऊ शकतो, त्यावर पोलिंगचे पाच चढवले तर बॉण्डिंगमध्ये एमआयआयमॉन (लिंक तपासण्याचं अंतर) १०० मिलिसेकंदांचं ठेवून काहीच उपयोग नाही. ते शंभर मिलिसेकंदांनी कर्नलची कॅरिअर स्थिती बघतं, आणि ती स्थिती पाच सेकंदांनी बदलते.

आता टेस्ट. केबल काढा, थांबा, बघा, लावा, थांबा, बघा: यात फक्त स्थिर स्थिती तपासल्या जातात. सहकाऱ्याकडून तीन गोष्टी मागा. पहिली, केबल न काढता पलीकडच्या स्विचवर वेग बदलायचा, १००० वरून १०० आणि परत, आणि प्रत्येक वेळी पिंग चालतं का बघायचं, नुसतं स्टेटस नाही. दुसरी, केबल पटकन काढून लगेच लावायची, दहा-वीस वेळा. आणि प्रत्येक वेळी सिसएफएसमधल्या इंटरफेसच्या फोल्डरमधली कॅरिअर_डाऊन_काउंट ही फाइल एकाने वाढली का ते मोजायचं. इथे 'आयपी मॉनिटर' वर विसंबू नका. कर्नलमधला लिंकवॉच हा घटना कळवणारा भाग पाठोपाठच्या घटना एकत्र करू शकतो, त्यामुळे तिथे एखादी पडझड दिसली नाही म्हणून ती नोंदली गेली नाही असं होत नाही. काउंटर मात्र कॅरिअर ऑफ होताच वाढतो. तिसरी, केबल नसताना इंटरफेस उघडायचा आणि 'आयपी लिंक' मध्ये नो-कॅरिअर दिसतं का बघायचं. तुमच्या सध्याच्या पॅचवर ही तिसरी टेस्ट पहिल्या पाच सेकंदांत नापास होईल. ती पैज मी लावायला तयार आहे.

एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलवरून हे पोर्ट बघणारी यंत्रणा असेल तर तिच्या लोकांना आधी कळवा. आरएफसी २८६३ नुसार इंटरफेसची चालू स्थिती सात प्रकारांची असते आणि त्यांचे अलार्म बहुधा फक्त डाऊनवर बेतलेले असतात. लॅच नीट मानायला लागलात की आजवर न दिसलेल्या छोट्या पडझडी दिसायला लागतील. पहिल्या आठवड्यात 'नवीन फर्मवेअरने लिंक अस्थिर केली' असा फोन येईलच. लिंक आधीही पडत होती, हे दाखवायला स्विचच्या बाजूचे लॉग हाताशी ठेवा.

शेवटी पॅचचा आकार. चार बदल एका कमिटमध्ये नकोत. लॅचची अट हा दुरुस्तीचा पॅच, त्याला कुठल्या कमिटने चूक आणली त्याचा 'फिक्सेस' टॅग आणि तो जुन्या रिलीजमध्येही नेण्यासारखा. वाचन-अपयशाची तपासणी आणि कॅरिअरचा क्रम हे दोन वेगळे छोटे पॅच. उघडताना कॅरिअर ऑन, पाच सेकंदांचं पोलिंग आणि ईथटूलचं थेट वाचन हे तिन्ही बाद. आणि 'रिपोर्टिंग सुधारलं' हे शीर्षक बदलायला लावा. 'लिंक आधीच डाऊन असेल तरच स्टेटस दोनदा वाचा' असं लिहिलं तर दोन वर्षांनी गिट ब्लेम करून ओळीचा इतिहास शोधणाऱ्याला पॅच उघडावाही लागणार नाही.